वाग्गेयकाराचे अंतरंग
कुमार गंधर्वांवरील माहितीपटांच्या निमित्ताने

(वाशिम येथे संगीतप्रेमी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



आज आपण ज्या भूमीवर बसून संगीताचा विचार करणार आहोत, तिचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा केवळ राजा नव्हता, तर 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ताही होता. ते काव्य काळाच्या उदरात गडप झाले. नंतरच्या काव्यशास्त्रकारांनी केलेल्या उल्लेखांतून आणि उताऱ्यांतूनच ते आपल्याला ठाऊक आहे. याच नगरीविषयी राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक मनोहर कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला वश करण्यासाठी पार्वतीने साहित्यविद्यावधू निर्माण केली आणि त्याच्या मागोमाग धाडली. पूर्व, उत्तर, दक्षिण असा देशोदेशींचा प्रवास झाला आणि अखेर विदर्भात, मदनाचे क्रीडास्थान असलेल्या वत्सगुल्म नगरात, त्या दोघांचा गांधर्व पद्धतीने विवाह झाला. कवी आणि कविता यांचे मीलन जिथे झाले अशी कल्पना एका महापंडिताने केली, ते हे वाशिम.

या कथेची आठवण आरंभीच करण्याचे कारण आजच्या विषयात आहे. शब्द आणि स्वर यांचाही असाच विवाह होत असतो. तो ज्याच्या अंतःकरणात लागतो, त्याला आपल्या शास्त्राने एक स्वतंत्र नाव दिले आहे. ते नाव म्हणजे वाग्गेयकार.

वाग्गेयकार म्हणजे कोण?

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणदेवाच्या आश्रयाला शार्ङ्गदेव हा पंडित होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावले. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ आजही उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही पद्धतींना वंद्य आहे. त्याने वाग्गेयकाराची व्याख्या केली. गीतातील पद म्हणजे 'मातु', त्याची स्वररचना म्हणजे 'धातु'. या दोहोंची निर्मिती जो स्वतः करतो तो वाग्गेयकार. व्याकरण, छंद, रस, ताल, देशोदेशींच्या भाषा, लोकांच्या मनाची जाण असे किती तरी गुण त्याच्या अंगी असावे लागतात. नुसता गळा गोड असून भागत नाही आणि नुसती कविता येऊनही भागत नाही.

पाश्चात्त्य देशांत रचनाकार कागदावर स्वरलिपी लिहितो, वादक ती वाजवतात आणि श्रोते ऐकतात. तिथे रचनाकार आणि सादरकर्ता या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. आपल्याकडे बंदिश हे बीज असते. दोन-चार ओळींच्या त्या बीजातून गवई दर मैफलीत नवा वृक्ष उभा करतो. त्यामुळे आपल्या वाग्गेयकाराचे चित्रण करू पाहणाऱ्या दिग्दर्शकापुढे मोठीच अडचण उभी राहते. त्याने चित्रित तरी काय करायचे? टेबलाशी बसून लिहिणारा माणूस इथे नाही. रचना घडते ती तंबोऱ्याच्या सहवासात, शेतातून चालताना, आजारपणाच्या अंथरुणावर आणि कित्येकदा पूर्ण मौनात. स्वर ध्वनिमुद्रित करता येतो. स्वराच्या आधीचे मौन कसे टिपायचे?

या प्रश्नाचा विचार करायला आधुनिक काळात पंडित कुमार गंधर्वांइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही.

बालचमत्कार ते मौन

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी झाला. मातृभाषा कानडी. ग्रामोफोनवर ऐकलेले मोठमोठ्या गवयांचे गाणे हा मुलगा जसेच्या तसे गाऊन दाखवी. अजाण वयातच एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली आणि तीच पुढे त्याचे नाव झाली. 1936 च्या सुमारास तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे आला. देवधर मास्तर पलुस्करांचे शिष्य. परंतु त्यांच्या संगीत विद्यालयाची दारे सर्व घराण्यांना खुली होती. निरनिराळ्या घराण्यांचे गवई तिथे येत, गात, चर्चा करीत. अंजनीबाई मालपेकरांचेही मार्गदर्शन या मुलाला लाभले. ऐकलेले हुबेहूब गाणारा कंठ आता ऐकलेल्याचा विचार करू लागला.

मग 1947 उजाडले. देवधरांच्याच विद्यालयातील भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. तेव्हा क्षय म्हणजे जवळजवळ मृत्यूचे आमंत्रणच होते. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 च्या जानेवारीत हे दांपत्य माळव्यातील देवास या गावी आले. गाण्यास सक्त मनाई होती. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवले, पतीची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नव्यानेच हाती येऊ लागले होते. त्याचा गुण आला. परंतु एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. 1953 मध्ये कुमार पुन्हा मैफलीत बसले, तोवर पाच-सहा वर्षे लोटली होती.

चोविसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, ज्याचा श्वास हेच ज्याचे वाद्य होते त्याला 'आता गाऊ नका' असे सांगितले जाते. त्या खोलीत त्याचे काय झाले असेल? कुमारांवरच्या कोणत्याही माहितीपटाची खरी कसोटी या प्रश्नापाशी लागते. त्या वर्षांत मैफल नाही, म्हणून ध्वनिमुद्रण नाही. टाळ्या नाहीत, म्हणून बातमीही नाही. आणि तरीही पुढच्या चाळीस वर्षांचे सगळे संगीत त्याच खोलीत जन्माला आले.

खिडकीतून आलेले संगीत

अंथरुणावर पडलेल्या कुमारांच्या कानी माळव्याची गाणी पडत होती. पहाटे दळणारी, पाणी आणणारी, लग्नघरी जमलेली बाया-माणसे गात होती. फेरीवाले, भिक्षेकरी, नाथपंथी जोगी गात जात होते. मनुष्य गाऊ शकत नाही तेव्हा तो ऐकायला शिकतो. कुमारांनी ती गाणी ऐकली, लिहून घेतली, त्यांचे स्वर टिपले. शेकडो लोकगीतांचा हा संग्रह करताना त्यांच्या ध्यानी आले की तीन-चार स्वरांच्या या साध्या धुनांमध्ये रागाचे बीज दडलेले आहे. राग आधी शास्त्रात जन्मला आणि मग लोकांत उतरला असे नव्हे. लोकांच्या कंठात तो आधी होता, शास्त्राने त्याला नंतर नियम दिले.

या जाणिवेतून 'धुनउगम' रागांची निर्मिती झाली. मालवती, लगनगंधार, संजारी, मधसुरजा, सहेली तोडी, निंदियारी ही त्यांतली काही नावे. 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी 'गांधी मल्हार' रचला. नवा राग रचणे म्हणजे दोन रागांचे तुकडे जोडणे नव्हे, हे या रागांनी दाखवून दिले. प्रत्येकाला स्वतःचा चेहरा आहे, कारण प्रत्येकाच्या मुळाशी मातीत रुजलेली एक धून आहे. रागांबरोबर बंदिशीही आल्या. त्यांची भाषा माळवीच्या वळणाची, विषय घरगुती, चालणे बोलीसारखे. 1965 मध्ये मौज प्रकाशनाने काढलेला 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ म्हणजे एका आधुनिक वाग्गेयकाराची वहीच होय. शार्ङ्गदेवाने सांगितलेले मातु आणि धातु तिथे एकाच हातून उतरले आहेत.

देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तेथील नाथपंथी परंपरेतून कबीराची निर्गुणी पदे कुमारांपर्यंत आली. भजन म्हणजे मैफलीच्या शेवटी श्रोत्यांना निरोप देण्यासाठी गायचा गोड प्रकार, अशी समजूत तेव्हा रूढ होती. कुमारांनी निर्गुणी भजनाला त्याचे एकाकीपण परत दिले. जोग्याची आर्त, उघडी, निःसंग फेक त्यांनी शास्त्रीय स्वराच्या शुद्धतेने मांडली. त्यात लाघव नाही, विनवणी नाही; मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसाची हाक आहे.

त्यांच्या गायकीविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. एकच फुप्फुस उरल्यामुळे त्यांनी छोट्या छोट्या झेपांची, मध्यलयीची, अचानक उसळून क्षणात थांबणारी शैली स्वीकारली, असे म्हणतात. यात तथ्य आहे. पण एवढेच म्हणणे कुमारांवर अन्याय करणारे आहे. आजाराने त्यांना श्वास कमी दिला. त्या कमी श्वासात काय म्हणायचे हे आजाराने सांगितले नाही. अनेकांची फुप्फुसे निकामी झाली, कुमार गंधर्व एकच झाले. दोन स्वरांमधली रिकामी जागा त्यांनी स्वराइतकीच बोलकी केली, हे चिंतनाचे फळ आहे.

दोन माहितीपट, दोन वाटा

कुमार गंधर्वांचे निधन 12 जानेवारी 1992 रोजी देवास येथे झाले. त्यानंतर त्यांच्यावर झालेल्या माहितीपटांपैकी दोन विशेष लक्षणीय आहेत. एक डॉ. जब्बार पटेल यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'हंस अकेला', आणि दुसरा शबनम विरमानी यांचा 2008 मधील 'कोई सुनता है'. दोन्ही नावे कुमारांच्या निर्गुणी गायनाशी नाते सांगणारी आहेत, हा योगायोग नव्हे. दोघाही दिग्दर्शकांना या गवयाच्या घराची किल्ली भजनात आहे असे वाटले.

नायक हयात नसताना त्याचे जवळून दर्शन घडवायचे म्हणजे उरलेल्या वस्तूंकडून बोलवून घ्यायचे. जुनी ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, कुटुंबीयांच्या आणि शिष्यांच्या आठवणी, देवासच्या टेकडीखालचे 'भानुकुल' हे घर, कोपऱ्यातले तंबोरे ही साधनसामग्री. जब्बार पटेल हे रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत संगीताचे मोल जाणणारे दिग्दर्शक. 'घाशीराम कोतवाल' आणि 'जैत रे जैत' यांच्या कर्त्याला लोकसंगीत आणि अभिजात संगीत यांतला धागा वेगळा सांगावा लागत नाही. शबनम विरमानी यांची वाट निराळी. त्या कबीराच्या शोधात निघाल्या आणि त्या वाटेवर त्यांना कुमार भेटले. त्यांच्या पटात एकीकडे कुमारांचे जीवन व संगीत आणि दुसरीकडे कबीर गाणारी लोकपरंपरा या दोहोंची वीण आहे. त्यामुळे प्रश्न उलटा उभा राहतो. कुमारांनी लोकांकडून काय घेतले हे आपण नेहमी विचारतो. लोकांच्या गाण्यात ते आधीपासूनच काय होते, हे हा पट विचारायला लावतो.

याच्या जोडीला आणखी एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. 2011 मध्ये संध्या गोखले आणि अमोल पालेकर यांनी गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्यावर 'भिन्न षड्ज' हा माहितीपट केला. तेव्हा किशोरीताई हयात होत्या. 3 एप्रिल 2017 रोजी त्या निवर्तल्या. भिन्न षड्ज हे रागाचे नाव. त्यात रिषभ आणि पंचम वर्ज्य. जवळचे दोन आधार सोडून उभा राहणारा हा राग, आणि 'भिन्न' या शब्दाचा अर्थ निराळा. एका नावात किती सांगितले गेले! किशोरीताईंचाही आवाज तरुणपणी गेला होता आणि दीर्घ मौनानंतर परत आला होता. 'सहेला रे' सारखी रचना करणाऱ्या या गायिकेचे चिंतन त्या मौनातच खोल गेले. कुमार आणि किशोरी, दोघांच्याही आयुष्यात मौनाचे एक दालन आहे. चरित्रकाराला आणि चित्रकर्त्याला त्या दालनाच्या दारापर्यंतच जाता येते.

जवळीक आणि मर्यादा

इथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. कलावंताचे दर्शन किती जवळून घ्यावे? त्याच्या घरात शिरावे, रियाजाच्या खोलीत बसावे, त्याचे हट्ट, त्याचा राग, त्याची दुःखे दाखवावीत, की नाही?

दोन टोके आपल्या परिचयाची आहेत. एक म्हणजे आरतीचे ताट घेऊन उभा असलेला माहितीपट. त्यात सगळे जण कलावंत किती थोर होते एवढेच सांगतात आणि प्रेक्षकाच्या पदरी काहीच पडत नाही. दुसरे टोक म्हणजे घरातली भांडणे वेशीवर टांगणारा कुतूहलपट. तिथे गाणे मागे पडते आणि गवगवा उरतो. पहिल्याने कलावंताची मूर्ती होते, दुसऱ्याने त्याची बातमी होते. माणूस दोन्हीकडे हरवतो.

कसोटी साधी आहे. जे दाखवल्याने संगीत अधिक कळते, ते अवश्य दाखवावे. कुमार तंबोरे जुळवण्यात किती वेळ आणि किती जीव ओतत, हे त्यांच्या शिष्यांनी आणि श्रोत्यांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. ही खाजगी बाब आहे खरी; पण ती पाहिल्याशिवाय त्यांचा षड्ज इतका भरीव का लागे हे कळत नाही. भानुमतीबाईंची शुश्रूषा हीदेखील घरातली गोष्ट. परंतु ती वगळून कुमारांचे चरित्र सांगणे म्हणजे पाया वगळून मंदिराचे वर्णन करणे होय. 1961 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. ज्या घरात नंतर देशभरचे रसिक आले, त्या 'भानुकुल' या नावात त्यांची स्मृती आहे. पुढे वसुंधरा श्रीखंडे कुमारांच्या सहधर्मचारिणी झाल्या. मैफलीत त्यांचा सहस्वर अखेरपर्यंत कुमारांच्या पाठीशी होता, आणि कुमारांनंतर तो वारसा त्यांनी 2015 मधील आपल्या निधनापर्यंत सांभाळला. वाग्गेयकार एकटा दिसतो, पण एकटा नसतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिक माहितीपटाने टाळू नये. कुमारांना विरोध झाला. त्यांना घराणे नाही, त्यांनी रागाची मोडतोड केली, विलंबित ख्यालाचे वैभव त्यांच्यापाशी नाही, असे आक्षेप जाणकारांनीच घेतले. ते आक्षेप घेणारे सगळे मत्सरी नव्हते. परंपरा जपण्याची त्यांना मनापासून काळजी होती. कुमारांचे उत्तर गाण्यातून आले. 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात त्यांनी एका थोर पूर्वसूरीला वंदन केले, पण नक्कल केली नाही. बालपणी नकलेनेच जो जगाला चकित करून गेला, त्याने प्रौढपणी नकलेचा मोह सोडला. परंपरा ही तिजोरीत ठेवायची ठेव नाही. ती वाहते म्हणून निर्मळ राहते, आणि काठ असतात म्हणून वाहू शकते. कुमारांचा काठही मजबूत होता आणि प्रवाहही. 1977 मध्ये पद्मभूषण आणि 1990 मध्ये पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला, तोवर कालचे पुष्कळ आक्षेपक आजचे श्रोते झाले होते.

वाशिमने काय ऐकावे?

आता पुन्हा आपल्या वत्सगुल्माकडे वळू. देवास हे काही संगीताचे मोठे केंद्र नव्हते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, मिरज यांच्या पंक्तीत त्याचे नाव कुणी घेत नव्हते. तिथे एक आजारी माणूस आला आणि त्याने खिडकीतून येणारे संगीत मन लावून ऐकले, एवढेच घडले. मग प्रश्न असा येतो की, आपल्या खिडकीतून काय ऐकू येते?

या जिल्ह्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांचे स्मरण करणाऱ्या बंजारा समाजाचे ते श्रद्धास्थान. होळीच्या दिवसांत तांड्यांवर लेंगी गायली जाते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाईची गाणी घुमत. जात्यावरच्या ओव्या तर आपल्या आज्यांच्या ओठी होत्या. जाते गेले, तशा ओव्याही चालल्या आहेत. भुलाबाईची गाणी आता कितीशा घरांत संपूर्ण येतात? ज्या वृद्धेला ती शंभर येत होती, ती गेली की शंभर गाणी एका रात्रीत जातात. 'हरिविजय' हरवले याची हळहळ आपण सोळाशे वर्षांनंतर करतो. आपल्या डोळ्यांदेखत हरवणाऱ्या काव्याची हळहळ कोण करणार?

माहितीपट करायला मोठा खर्च लागतो, जाणता दिग्दर्शक लागतो, हे खरे. परंतु आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीपाशी बसावे, तिची परवानगी घेऊन तिचे गाणे मुद्रित करावे, ते कोणत्या प्रसंगी गातात, तिला कोणी शिकवले, गाव कोणते, साल कोणते, याची नोंद ठेवावी. मध्येच ती थांबली तर घाई करू नये. त्या थांबण्यात एखादी विसरलेली ओळ परत येत असते. एवढे केले तरी पुढच्या पिढीतील एखाद्या वाग्गेयकाराला बीज मिळेल.

मात्र एक भान ठेवले पाहिजे. मुद्रण म्हणजे जतन नव्हे. ते जतनाचे पहिले पाऊल. कुमारांनी माळव्याची गाणी लिहून कपाटात ठेवली नाहीत. त्यांनी ती आत्मसात केली, त्यांतून राग फुलवले, 'मालवा की लोकधुनें' या नावाने ती मैफलीत मानाने मांडली आणि ज्यांची ती होती त्या माळव्याचे नाव त्यांना कायमचे जोडले. गाणे पेटीत जिवंत राहत नाही, गळ्यात राहते. म्हणून मुद्रित केलेले गाणे नातीने शिकावे, शाळेत म्हणावे, घरच्या कार्यात गावे.

राजशेखराच्या कथेत काव्यपुरुष देशोदेशी हिंडला; वाटेत साहित्यविद्यावधू त्याच्या मागून चालत होती आणि त्याचे मन हळूहळू तिच्याकडे वळत होते. वत्सगुल्मास आल्यावर तो पूर्ण वश झाला. शब्द आणि स्वर आजही आपल्या गावांतून, तांड्यांतून, माजघरांतून असेच हिंडत आहेत. त्यांच्या विवाहाला साक्षी म्हणून कुणीतरी जागे असावे लागते. देवासच्या त्या खोलीत एक जण जागा होता. वाशिमच्या घराघरांत निदान एकेक कान जागा असावा, एवढीच या निमित्ताने अपेक्षा.